नाडी ११२

डिस्चार्ज कार्डावर 'रुग्णाची प्रकृती स्थिर' असं छापील अक्षरांत होतं. त्याच सकाळच्या तक्त्यात, निळ्या बॉलपेननं, नर्सच्या घाईच्या अक्षरात नाडी ११२ आणि ताप १००.४, दोन्ही नेहमीपेक्षा जास्त. दोन्ही कागद एकाच रुग्णालयाचे. ते शेजारीशेजारी ठेवून बघायला आम्हाला बावीस महिने लागले, आणि ते ठेवले ते आम्ही गाठलेल्या तिसऱ्या वकिलांनी. पहिल्या दोघांनी तो तक्ता मागितलाच नव्हता.

ही माझ्या मावशीची केस. अजून चालू आहे, म्हणून रुग्णालय, डॉक्टर, वकील कुणाचंच नाव इथे नाही. मला लिहायचंय ते वकील शोधण्याबद्दल, कारण आमचा सगळ्यात जास्त वेळ आणि मनस्ताप तिथेच गेला.

मावशी ५४ वर्षांची. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात तिची पिठाची गिरण आहे. काका गेल्यापासून एकटीच चालवते. मुलगी लग्न होऊन सांगलीला, त्यामुळे धावपळ माझ्याकडे. फेब्रुवारी २०२३ मध्ये पित्ताशयातल्या खड्यांसाठी पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात तिचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. येताना गाडीतच तिचं पोट टम्म फुगलेलं होतं. रात्री फोन केला तर, "गॅस आहे, चालायला लावा." दोन दिवसांनी परत नेली, तर ॲसिडिटीच्या गोळ्या देऊन पाठवून दिली. ऑपरेशननंतर सातव्या दिवशी साताऱ्यात दुसरीकडे ॲडमिट केली, तिथे पोटात नळी घातल्यावर दीड लिटर पित्त बाहेर आलं. यकृताकडून येणारी मुख्य पित्तनलिकाच कापली गेली होती. मे महिन्यात तिसऱ्या रुग्णालयात आतड्याचा भाग वर ओढून तो यकृतातून येणाऱ्या नलिकेच्या तोंडाला जोडला. पहिलं बिल १ लाख १५ हजारांचं. पुढची सगळी मिळून ७ लाख ४० हजार. गिरण पाच महिने बंद.

"जीव वाचला ना, मग सोडा आता," असं घरात सगळ्यांचंच मत होतं. माझंही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती आमच्या पतसंस्थेत तारण ठेवलेल्या पाटल्यांचं कर्ज नवं-जुनं करायला आली, तेव्हा काउंटरच्या आत मी होतो. व्याज भरून ती म्हणाली, "अरे, पाटल्या माझ्या, पोट माझं, आणि चूक त्यांची. मग व्याज मी का भरतेय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते. सबळ कारण दिलं तर उशीर माफ होऊ शकतो, पण ते ग्राहक आयोगाच्या, म्हणजे जिथे ही तक्रार चालते त्याच्या मर्जीवर. म्हणजे आमच्या हातात चार महिने होते, आणि त्यातला दीड महिना आम्ही दोन वकिलांच्या पायरीवर घालवला.

पहिले वकीलसाहेब तालुक्याच्या कोर्टातले, नात्यातले. माणूस सज्जन, जमिनीच्या वाटपाचे दावे चालवण्यात हातखंडा. त्यांनी पंधरा मिनिटं ऐकलं, "पन्नास लाखांची नोटीस ठोकू" म्हणाले, २० हजार घेतले आणि कोऱ्या वकीलपत्रावर मावशीची सही. मूळ डिस्चार्ज कार्ड आणि बिलंही फाईलला लावून ठेवली. तीन आठवड्यांनी नोटिशीचा मसुदा आला. दीड पान. त्यात 'अक्षम्य निष्काळजीपणा' हे शब्द चार वेळा होते आणि एकही तारीख नव्हती. मी पतसंस्थेत वसुलीच्या नोटिसा काढतो. कर्जदाराला आम्ही निदान हप्त्याची तारीख तरी लिहितो.

दुसरं प्रकरण जास्त वाईट. साताऱ्यातल्या रुग्णालयाबाहेर मेडिकलच्या दुकानापाशी भेटलेल्या एका माणसानं पुण्यातल्या वकिलांचा नंबर दिला. ते फोनवरच म्हणाले, "फी एक रुपया नको. मिळतील त्यातले तीस टक्के द्या. आधी पोलिसांत एफआयआर करू, डॉक्टर आपोआप टेबलावर येतात." मावशीला हे फार आवडलं. खिशातून काही जात नाही, शिवाय डॉक्टरला घाम फुटणार. मीही जवळजवळ हो म्हणणार होतो.

अमेरिकेत अशी टक्केवारीची फी सर्रास चालते, आणि तिकडे असलेले आपले लोक तोच सल्ला देतात. माझ्या आतेभावानं न्यू जर्सीहून तोच दिला. आपल्याकडे बार कौन्सिल ऑफ इंडियाचे, म्हणजे वकिलांवर देखरेख करणाऱ्या संस्थेचे नियम निकालावर अवलंबून फी ठरवायला आणि मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायला वकिलाला मनाई करतात. त्यामुळे असा करार करणारा वकील पहिल्याच भेटीत आपला नियम मोडतोय, हे आपल्याला सांगून टाकतो. एफआयआरचंही तसंच. जेकब मॅथ्यू प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की डॉक्टरवर फौजदारी गुन्हा टिकायला निष्काळजीपणा अतिशय ढोबळ असावा लागतो, आणि पोलिसांनी आधी स्वतंत्र, शक्यतो सरकारी डॉक्टरचं मत घ्यावं. दबावासाठी केलेली फिर्याद बहुतेकदा तिथेच अडकते. आणि 'नळी कापली गेली, पण निष्काळजीपणा दिसत नाही' असं एक सरकारी मत कागदावर आलं, की ते आपल्याच गळ्यात.

मग शोधायचं कसं? इंटरनेटवर 'टॉप टेन' वकिलांच्या याद्या भरपूर आहेत. वकिलांना आपल्याकडे जाहिरात करायलाच बंदी असताना त्या याद्या कुठून येतात, हा प्रश्न मला उशिरा पडला. शेवटी वाट सापडली ती पतसंस्थेच्या सवयीतून. कर्जदार कसा आहे हे त्याला विचारून कळत नाही, खातेउतारा बघून कळतं. वकिलाचा खातेउतारा म्हणजे निकालपत्रं. ग्राहक आयोगांचे निकाल ऑनलाइन फुकट वाचता येतात, आणि पहिल्याच पानावर तक्रारदारातर्फे कोण, सामनेवाल्यातर्फे (म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्यातर्फे) कोण, हे लिहिलेलं असतं. मी चार रात्री सातारा आणि पुणे जिल्हा आयोगांचे आणि राज्य आयोगाचे डॉक्टरांविरुद्धचे निकाल वाचले. सगळं कळलं असं नाही. पण एका वकीलबाईंचं नाव परत परत येत होतं, आणि त्यांच्या निकालांत वैद्यकीय कागदांची चर्चा पानंच्या पानं होती. काही केस त्या हरल्याही होत्या. हरलेल्या निकालांतही आयोगानं त्यांचे मुद्दे एकेक घेऊन उत्तर दिलं होतं. मला ते जिंकलेल्या केसपेक्षा जास्त भरवशाचं वाटलं.

तीन निकालांत मात्र त्या डॉक्टरांच्या बाजूनं होत्या. मावशी बिथरली. "डॉक्टरांचं मीठ खाल्लेली बाई आपली कशी होईल?" मी फोनवर हा प्रश्न जरा साखरेत घोळून विचारला. त्या म्हणाल्या, "बरोबर विचारलंत. ते डॉक्टर, ते रुग्णालय आणि त्यांची विमा कंपनी, तिघांची नावं पाठवा. यातल्या कुणाचं काम मी केलेलं असेल तर तुमचं घेणार नाही." विमा कंपनी कुठून आली ते मला कळेना. डॉक्टर व्यावसायिक विमा काढतात आणि पुष्कळदा त्यांचा वकील ती कंपनीच देते, हे तेव्हा कळलं. पुढे तक्रारीत तिलाही सामनेवाली केलं.

भेटीची वेळ मात्र त्यांनी दिली नाही. "आधी पूर्ण केसपेपर आणा. डिस्चार्ज कार्ड नव्हे, आतले सगळे. वाचायची फी ५ हजार. वाचून केस घेईनच असं नाही."

आता केसपेपर. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांप्रमाणे दाखल झालेल्या रुग्णाचे कागद तीन वर्षं जपायचे असतात आणि रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात. मुंबई उच्च न्यायालयानंही १९९६ मध्ये एका निकालात रुग्णाचा हा हक्क मान्य केलाय. रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागातल्या मुलाला यातलं काही माहीत नव्हतं. "डॉक्टरांची सही लागेल, डॉक्टर कॉन्फरन्सला गेलेत." मी अर्जाच्या दोन प्रती नेल्या होत्या. एकीवर आवक शिक्का आणि तारीख मागितली. तो आत जाऊन आला, म्हणाला शिक्का सापडत नाही. मी बाकड्यावर बसलो. पाऊण तासानं शिक्का सापडला. आठव्या दिवशी ६४ पानं मिळाली, प्रत्येक पानावर रुग्णालयाचा शिक्का. ऑपरेशनच्या चित्रीकरणाबद्दल 'ठेवलेलं नाही' असं लेखी उत्तर.

पहिल्या वकीलसाहेबांकडून मूळ बिलं परत आणणं त्याहून कठीण गेलं. "उरलेल्या फीचं काय?" म्हणाले. सर्वोच्च न्यायालयानं २००० साली स्पष्ट केलंय की फी बाकी आहे म्हणून वकील पक्षकाराचे कागद अडवून ठेवू शकत नाही. हे मी त्यांना सांगितलं नाही. नातं आहे, दिवाळीला भेट होते. आणखी ३ हजार दिले, कागद घेतले, कोरं वकीलपत्र त्यांच्यासमोर फाडलं.

डिसेंबरात आम्ही बाईंच्या ऑफिसात बसलो. मावशीनं घरच्या गव्हाचं पीठ आणलं होतं. ते त्यांनी घेतलं नाही, आणि मावशीला ते लागलं. ६४ पानांवर पिवळे कागद चिकटवलेले. पहिलं वाक्य होतं, "नलिका कापली गेली, ही तुमची केस नाही."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मग काय पिठाची गिरण ही केस आहे?

बाईंनी एका पाकिटाच्या मागे यकृत काढलं, खाली पित्ताशय, मध्ये नलिकांचा इंग्रजी वाय. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये सूज असली तर चुकीची नलिका कापली जाते, हजारात तीन-चार जणांच्या बाबतीत होतं, चांगल्या सर्जनकडूनही होतं. सर्जननं नलिका नीट ओळखून घेतल्या होत्या का, यावर भांडता येतं, कारण ऑपरेशनची नोंद जेमतेम चार ओळींची आहे. पण समोरून दहा पुस्तकं येतील आणि 'ज्ञात गुंतागुंत' म्हणतील. संमतीपत्रावर तेच छापलेलं आहे. वाजवी कौशल्याचा डॉक्टर जे करील ते केलं की नाही, एवढंच कायदा बघतो.

मग त्यांनी ते दोन कागद काढले. "ही तुमची केस. घरी सोडताना नाडी ११२ आणि अंगात ताप. पोट फुगलेलं. सोनोग्राफी नाही, रक्ततपासणी नाही. दोन दिवसांनी तुम्ही परत गेलात, त्या चिठ्ठीवर नाडी लिहिलेलीच नाही, फक्त गोळ्या. कापणं ही चूक असेल किंवा नसेल. चार दिवस न बघणं याला गुंतागुंत म्हणत नाहीत." मग मावशीकडे वळून, "पण तुम्ही सांगताय की डॉक्टर फोनवर उद्धट बोलले. ते मी लिहिणार नाही. आणि दुसऱ्या दिवशी भेटायला शिकाऊ डॉक्टर आला, तेही नाही."

मावशीला नेमकं तेच लिहून हवं होतं. तिचा खरा राग तोच होता. परतताना एसटीत ती शिरवळपर्यंत बोलली नाही. माझं मत त्याच दिवशी पक्कं झालं: आपल्या गाऱ्हाण्यातलं निम्मं जो बाजूला काढून ठेवतो, तो वकील आपलं उरलेलं निम्मं वाचवतो. मावशीला हे पटायला आणखी दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाई चाळणीची आहे. कोंडा वेगळा काढते."

बाईंच्या टेबलामागे एक जुना निकाल फ्रेम करून लावलेला होता, त्याची गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुण मुलाचं मांडीचं हाड मोडलं. त्याला टॅक्सीनं पुण्याला आणलं. तिथे हाड ओढून बसवताना पुरेशी भूल दिली नाही, आणि त्याच संध्याकाळी तो गेला. वडील डॉ. त्र्यंबक गोडबोले स्वतः डॉक्टर. त्यांनी दिवाणी दावा लावला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६८ साली निकाल त्यांच्या बाजूनं लागला, भरपाई ३ हजार रुपये. पंधरा वर्षं, वडील स्वतः डॉक्टर असूनही. डॉक्टरनं रुग्णाप्रती काय काय पाळायचं, हे सांगताना आपली न्यायालयं अजून त्याच निकालाकडे जातात. बाई म्हणाल्या, "घाईत असाल तर आत्ताच सांगा."

फी एका कागदावर लिहून दिली. तक्रार तयार करून दाखल करणं २० हजार, पुरावा १५ हजार, युक्तिवाद २० हजार, साताऱ्याचा प्रवास वेगळा. एका निवृत्त सर्जन प्राध्यापकांच्या लेखी मताचे १५ हजार, तेही वेगळे. साताऱ्याच्या रुग्णालयातले डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरविरुद्ध काही लिहून देणार नाहीत हे बाईंना माहीत होतं. त्यांच्या नोंदीतलं 'दीड लिटर पित्त' पुरेसं होतं. कागदाच्या शेवटी, 'निकालाची हमी नाही.' महिला म्हणून मावशीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो, हेही बाईंनीच सांगितलं. मावशी म्हणाली, "चार पैसे गेले तर मी तारखेला जाब विचारीन."

वकीलपत्र वाचल्याशिवाय सही करू नका, असं त्यांनी स्वतः बजावलं. छापील नमुन्यात वकिलाला तडजोड करायचा आणि पैसे स्वीकारायचा अधिकार असतो. त्या ओळीवर त्यांनी पेननं काट मारली आणि शेजारी लिहिलं, 'तडजोड फक्त तक्रारदाराच्या लेखी संमतीनं', खाली दोघींच्या सह्या. ही गोष्ट छोटी नाही. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की वकिलाच्या सेवेतल्या त्रुटीबद्दल ग्राहक आयोगात जाता येत नाही. डॉक्टरला तिथे खेचता येतं ते १९९५ च्या निकालापासून, वकिलाला नाही. उद्या वकीलच चुकला तर बार कौन्सिल किंवा दिवाणी कोर्ट, एवढंच. म्हणून जे ठरवायचं ते सही करताना. बाईंच्या वकिलीच्या परवान्याचा, म्हणजे सनदेचा क्रमांक मी महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तपासून घेतला होता. बाईंना सांगितलं तर हसल्या.

मग आकडा. माझ्या डोक्यात अजून पन्नास लाख होते. बाईंनी विचारलं, "गिरणीचं उत्पन्न कशावरून दाखवणार?" मावशीकडे वहीसुद्धा नाही; दळणाचे पैसे डब्यात. मी गप्प. "लाईट बिलं आणा," त्या म्हणाल्या, "दोन वर्षांची." आणली. ऑपरेशनआधी महिन्याला पाचशे-साडेपाचशे युनिट, मार्च ते जुलै २०२३ सात-आठ युनिट, ऑगस्टपासून परत दोनशे. किती दळण बंद पडलं ते महावितरणनंच लिहून ठेवलेलं. मागणी ठरली २२ लाख. कुठल्या आयोगात जायचं हे नव्या कायद्यात मागणीवरून ठरत नाही, रुग्णालयाला दिलेल्या मोबदल्यावरून ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, आणि मोबदला ५ लाखांच्या आत असल्यानं शुल्क शून्य. रुग्णालय पुण्याचं असलं तरी तक्रारदार राहते तिथे दाखल करता येतं, म्हणून सातारा. जानेवारी २०२५ मध्ये, मुदत संपायच्या तीन आठवडे आधी, तक्रार दाखल झाली.

रुग्णालयाचं लेखी म्हणणं एकेचाळिसाव्या दिवशी आलं. पंचेचाळीस दिवसांनंतर ते घेताच येत नाही, त्यामुळे आम्ही दोघं बोटं मोजत होतो. त्यात ज्ञात गुंतागुंत, संमतीपत्र, रुग्ण उशिरा आली, सगळं अपेक्षेप्रमाणे. नाडीबद्दल अक्षर नाही. पुढच्या तारखेला कागद तज्ज्ञ समितीकडे पाठवायचं ठरलं. त्याच दिवशी बाहेर जिन्यात समोरच्या वकिलांनी ३ लाखांचा विषय काढला. अट अशी, की 'निष्काळजीपणा झालेला नाही' असं मावशीनं लिहून द्यायचं. बाईंनी आम्हाला बाजूला घेतलं, आकडा सांगितला, अट सांगितली, आणि गप्प बसल्या. मी म्हटलं, "मॅडम, तुम्हाला काय वाटतं?" त्या म्हणाल्या, "आधी मावशींना काय वाटतं ते ऐकू."

मावशीनं पदराला हात पुसले, जसे ती गिऱ्हाईक आल्यावर पुसते. "पैसे घेईन की मी, मला नको थोडेच आहेत. पण ते वाक्य त्यांनीच लिहावं, माझी सही कशाला?"

समितीचा अहवाल अजून आलेला नाही. पुढची तारीख गुरुवारची मिळाली, त्यामुळे मावशी खूश आहे. गुरुवारी आमच्याकडे तसाही लाईट नसतो.